पाऊसपाण्याचा खड्डा, ड्रेनेजचं चेंबर आणि आमचा हौद : जुळे सोलापुरातल्या एका बिल्डिंगचं प्रकरण

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या अक्कांच्या सुनेचा मेसेज पडला, "पाण्याला वास येतोय का कुणाच्या? बारक्याला सकाळपासून चार उलट्या झाल्या." दुपारपर्यंत तीन फ्लॅट झाले, शनिवारी संध्याकाळपर्यंत सात. दोघांना सलाइन लावावं लागलं, त्यातले एक आमच्याच समोरचे काका.

मी सेक्रेटरी आहे, म्हंजे मीटिंगमधे दुसरं कुणी हात वर केला नाही म्हणून आहे. पोटापाण्याला डायिंगमधे काम करतो, सुताला रंग चढवायचा असतो तिथं पाण्याचा जडपणा रोज बघावा लागतो, त्यामुळं पाण्यातलं मला जरा कळतं असा बिल्डिंगमधे एक समज आहे. तो समज या प्रकरणात चांगलाच उघडा पडला.

ग्रुपवर निकाल दहा मिनिटात लागला होता. गुरुवारी रात्री अडीचला नळ आला, सकाळी पोरगं आजारी पडलं, म्हंजे नवीन पाणीच खराब, कुठंतरी मेन लाइन फुटून गटार मिसळलंय. मलाही तेच वाटलं. मी फोटोसकट तक्रार टाकून मोकळा झालो, वर ग्रुपवर 'तक्रार केली आहे' असं लिहून अंगठे पण मिळवले.

आता सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही पण बाहेरचं कुणी वाचत असेल तर थोडं मागचं सांगतो. आमचं पाणी उजनीचं. भीमेवरचं धरण, टेंभुर्णीजवळ, एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हंजे दरवाजांच्या पातळीखालचा तळाचा साठा, आणि उपयुक्त फक्त ५३.५७, म्हणून दर काही वर्षांनी 'उजनी मायनसमधे गेलं' अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. तिथून शहराला पाणी दोन वाटांनी येतं, एक म्हंजे शंभराहून जास्त किलोमीटरची थेट पाइपलाइन, आणि दुसरी म्हंजे धरणातून भीमेत पाणी सोडायचं, ते औजच्या बंधाऱ्यात साठवायचं, टाकळीला उचलायचं आणि सोरेगावला शुद्ध करून शहरात द्यायचं. त्यात आणखी भर म्हणून हिप्परग्याचा एकरुख तलाव, १८७१ चा, इंग्रजांनी आदिला नदीवर बांधलेला. नदीच्या वाटेनं येताना निम्मं पाणी कुठं मुरतं, कुठं उपसलं जातं हा विषय काढला तर चहाच्या टपरीवर संध्याकाळ जाते. आणि उजनीत वरून काय येतं तेही सगळ्यांना माहितीय, पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून धरणात, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. त्यामुळं पोट बिघडलं की सोलापुरात बोट आपोआप वर जातं, उजनीकडं, पुण्याकडं, पाइपलाइनकडं. स्वतःच्या पायाखाली कुणी बघत नाही. आमच्या बाबतीत घाण अक्षरशः पायाखालीच होती, पार्किंगच्या फरशीखाली.

आमच्या भागाला त्या वेळी चार दिवसाआड पाणी होतं. म्हंजे रविवारी रात्री आलं तर पुढचं थेट शुक्रवारी पहाटे. असं पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक बिल्डिंगला हौद लागतोच. आमचा १० बाय ७ बाय ६ फुटाचा, बारा हजार लिटरला थोडा कमी, पार्किंगमधे जमिनीत. लाइनचं पाणी हौदात पडतं, हौदातून मोटरनं गच्चीवरच्या टाकीत जातं, तिथून वरच्या दहा फ्लॅटना मिळतं. खाली मागच्या बाजूला दोन फ्लॅट आहेत, एकात अण्णा आणि त्यांची बायको, दुसऱ्यात एक निवृत्त बाई. या दोन्ही घरात प्यायचं पाणी अजून जुन्या पद्धतीनं भरतात, नळ आला की पार्किंगमधल्या लाइनच्या तोटीला कळशी लावायची, फडक्यातून गाळून पितळी पिंपात, वर झाकण. रात्री अडीच वाजता उठून. आम्ही वरचे लोक त्यांना हसायचो.

शनिवारी रात्री मी अण्णांना विचारलं, तुमच्याकडं कसंय? अण्णा म्हणाले, "आमाला काय झालं नाय ओ. बाई पण बरीय." मी म्हटलं वयामुळं सोसलं असेल. काय डोकं चाललं होतं माझं देव जाणे, कारण वयस्कर माणसाला आधी त्रास होतो, तरुणाला नंतर.

रविवारी सकाळी वही घेऊन बसलो आणि घराघरात जाऊन तीनच गोष्टी विचारल्या, कधीपासून, कुणाला, आणि प्यायचं पाणी कुठलं. हे आधीच करायला पाहिजे होतं. त्या वहीतनं दोन गोष्टी निघाल्या. पहिली, वरच्या दहापैकी सात फ्लॅट आजारी, खालचे दोन्ही चांगले. वरचे जे तीन वाचले त्यातलं एक घर तुळजापूरला गेलेलं, कुलूप होतं, दुसऱ्या घरात मामी त्यांच्या सासऱ्यांसाठी सगळंच पाणी उकळतात, आणि तिसरं का वाचलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, ते म्हणतात स्वामींची कृपा, मी वाद घालत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराला जुलाब गुरुवारी दुपारीच सुरू झाले होते. नळ यायच्या बारा-तेरा तास आधी. त्याच्या आईनं बाहेरच्या पाणीपुरीवर ढकललं होतं म्हणून ग्रुपवर लिहिलंच नव्हतं. म्हंजे 'नवीन पाणी आलं आणि आजारी पडलो' हे आमचं सगळं गणितच उलटं. घाण आधीच हौदात होती, नवीन पाणी तिच्यात येऊन पडलं.

आरओचं पण सांगून टाकतो. चार घरात आरओ, म्हंजे पाणी शुद्ध करायचं मशीन आहे, त्यातली दोन घरं आजारी. आरओ असला तरी दात नळाच्याच पाण्यानं घासतो, कोथिंबीर त्याच पाण्यानं धुतो, पोरं अंघोळीला तोंडात पाणी घेतात. आणि रविवारी दुपारी, कुठून वास लागला कुणास ठाऊक, एक आरओ विकणारा पोरगा हजर. टीडीएसचा पेन पाण्यात बुडवला, चारशेच्या आसपास आकडा, "बघा मॅडम, किती घाण." मग ग्लासात ते चार सळ्यांचं यंत्र घातलं, करंट दिला, पाणी मिनिटात चॉकलेटी. बायका ओरडल्याच. मी त्याला म्हटलं अरे बाबा, ती तुझ्या सळीच्या लोखंडाची गंज आहे, पाण्यात क्षार असले की करंट वाहतो आणि सळी झिजते, आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी म्हणून तिथं काही दिसत नाही. टीडीएस म्हंजे विरघळलेले क्षार, आयएस १०५०० मधे, म्हंजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम आणि दुसरा सोर्स नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, जंतूंचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. गटाराचं चमचाभर पाणी हौदात पडलं तरी पेनचा आकडा हलत नाही. तरी त्या दिवशी त्यानं एक मशीन विकलंच.

मग टेस्ट. ओळखीच्या आशाताईंकडून (आरोग्य खात्याच्या आशा सेविका) ओटीची बाटली मिळाली आणि एच टू एसच्या सहा बाटल्या. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, ओटी म्हंजे ऑर्थोटोलिडीन, पाण्यात दोन-चार थेंब टाकले आणि क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, जितकं पिवळं तितका क्लोरीन. रंग लगेच बघायचा, दहा-पंधरा मिनिटं ठेवून बघितला तर निकामी झालेला क्लोरीन पण रंग देतो आणि फसायला होतं. आणि ते टेस्टचं पाणी ओतून टाकायचं, परत भांड्यात नाही, ते औषध विषारी आहे. एच टू एसच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं, दिवस-दोन दिवसात काळं झालं तर मैल्याशी संबंध असलेले जंतू असण्याची दाट शक्यता. ही काही लॅबची टेस्ट नाही, पण घरी बसून दिशा कळते.

रविवारी संध्याकाळी हौदातलं पाणी, गच्चीच्या टाकीतलं, अक्कांच्या किचनमधलं, तिन्हीकडं ओटीला काहीच रंग नाही, पांढरं ते पांढरं. म्हंजे क्लोरीन शून्य. शेजारच्या बिल्डिंगचा हौद त्याच लाइनवर, त्याच रात्री भरलेला, तिथं फिक्कट का होईना पण पिवळं. त्यांच्याकडं आजारी कोणी नाही हे त्यांच्या वॉचमननं आधीच सांगितलं होतं. नळाला जे पाणी येतं त्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे असं मानक आहे, तो उरलेला असतोच यासाठी की पुढं वाटेत काही मिसळलं तर मारामारी करायला कुणीतरी असावं. आमच्या हौदात तो मारामारीत संपला होता. एच टू एसच्या बाटल्या कपाटावर ओळीनं ठेवल्या, पोरं येता-जाता बघायची. सोमवारी दुपारी आमच्या हौदाची शाईसारखी काळी, टाकीची काळी, अण्णांच्या पितळी पिंपाची स्वच्छ, शेजाऱ्यांची स्वच्छ. बोअरची मंगळवारी उशिरा काळपट झाली, पण ते पाणी फक्त संडासाला आहे, वेगळ्या टाकीत जातं. सरकारी लॅबमधे पण सॅम्पल दिलं, त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, सकाळी लवकर. रिपोर्ट नंतर आला, 'पिण्यास अयोग्य'. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमधे ई-कोलाय (मैल्यातून येणारा जंतू) एकही सापडता कामा नये, आमच्यात मोजायच्या पलीकडं होते.

बुधवारी पहाटे नळ आला तेव्हा मी बाटली घेऊन लाइनच्या तोटीपाशी उभा होतो. चावीवाले, म्हंजे भागाचं पाणी सोडणारे कर्मचारी, पण थांबले. दोन थेंब, मोहरीसारखं पिवळं झालं. ते म्हणाले, "बघा मालक, आमचं पाणी चांगलं हाय. तुमच्या घरात काय करताय ते तुमी बघा." मी टाकलेली तक्रार त्याच दिवशी मागं घेतली. थोडं तोंड लपवावं लागलं.

त्या पाळीला आम्ही हौदाचा व्हॉल्व बंद ठेवला. प्यायचं सगळ्यांनी तोटीवरून भरलं, दहा घरं, एक तोटी, पहाटेच्या अंधारात बादल्यांची रांग, लहानपणची चाळ आठवली. ते पण उकळून प्यायचं ठरलं, खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरतं, लोक वीस-वीस मिनिटं उकळतात आणि गॅस घालवतात.

आता हौदाकडं. त्यातलं खराब पाणी काढायचं म्हटल्यावर खरा तमाशा सुरू झाला. सात-आठ हजार लिटर शिल्लक होतं. सोलापुरात माणूस दागिना देईल पण साठवलेलं पाणी सोडणार नाही. अक्का पायरीवर बसून म्हणाल्या, "एवढं पाणी गटरला? पाप लागेल." दुसऱ्या मजल्यावरचे सर म्हणाले टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका आणि वापरा, काय होतंय. त्यांचं पूर्ण चुकीचं नव्हतं पण पूर्ण बरोबरही नव्हतं, कारण गटाराचं पाणी मिसळलेल्या हौदात क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्च होतो, आणि जोपर्यंत ती कुठून आत येते ते सापडत नाही तोपर्यंत आपण नुसतं वरून औषध ओतत राहणार. शेवटी मधला मार्ग निघाला. समोर एक बांधकाम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीला विचारलं, कॉलमच्या क्युरिंगला, म्हंजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, त्याला पाणी पाहिजेच होतं. दुपटीनं टीसीएल टाकून, रात्रभर ठेवून, होजनं त्याच्याकडं दिलं. त्याच्या कामगारांना चारदा सांगितलं की हे प्यायचं नाही, हात-तोंड धुवायचं नाही, ड्रमवर खडूनं फुली मारली. उरलेल्यातनं बादल्यांनी संडास. तळाचा शेवटचा फूटभर गाळ मात्र सोडूनच द्यावा लागला.

हौद रिकामा झाल्यावर प्लंबर उतरला. झाकण आधी तासभर उघडं ठेवलं, एक माणूस वर उभा, हे पाळाच, बंद हौदात गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. खालून आवाज आला, "मालक, भिंत रडतीय." उत्तरेच्या भिंतीला, वरून साधारण अडीच फुटावर, प्लॅस्टरला आडवी चीर आणि तिच्याखाली ओलसर काळपट पट्टा. त्या भिंतीच्या पलीकडं चार फुटावर ड्रेनेजचं चेंबर.

पण चेंबर तर तिथं पंधरा वर्षं होतं, मग आत्ताच का? चेंबर उघडून काठी घातली. त्याचा तळ तीन फुटावर. म्हंजे नेहमी सांडपाणी तळातून वाहतं ते चिरेच्या खालून, काही बिघडत नाही. बिघडणार कधी, तर चेंबर तुंबून पाणी चिरेच्या वर चढलं आणि त्याच वेळी हौदातलं पाणी चिरेच्या खाली गेलं तर. हौद भरलेला असतो तेव्हा चिरेतून पाणी बाहेर झिरपतं, रिकामा होत आला की आत. चार दिवसाआड पाण्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी हौद अर्ध्यावर येतोच. रविवारी भरलेला, बुधवारी अर्धा. आणि त्या बुधवारी रात्री सप्टेंबरातला तो धो-धो पाऊस. आमच्याकडं पाऊस खरा सप्टेंबरातच पडतो, परतीचा, तासाभरात रस्त्याची नदी.

पाऊस आणि ड्रेनेजचा संबंध काय? इथं माझी सही येते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाऊसपाणी जिरवायचं केलं होतं. हौशीनं केलं, मीच पुढाकार घेतला. हिशोब साधा होता, गच्ची तीन हजार स्क्वेअर फूट, सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, थोडं वाया गेलेलं सोडून सव्वा लाख लिटरच्या आसपास पाणी, म्हंजे आमचे दहा हौद. ज्या गावात सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं बांधून घेतलं त्या गावात गच्चीचं पाणी गटाराला सोडायचं म्हंजे लाजच, असं भाषण पण मी मीटिंगला ठोकलं होतं. बोअरशेजारी खड्डा, त्यात दगड, खडी, वाळू, गच्चीचे पाइप खड्ड्यात, खड्ड्यातून पाणी बोअरमधे. पहिल्या वर्षी बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकलं सुद्धा. नंतर खड्डा कोणी उघडला नाही. वाळूचा वरचा थर दरवर्षी पावसाळ्याआधी काढून धुवावा लागतो, पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी, गच्चीवरची धूळ आणि कबुतराची घाण असलेलं, वेगळं सोडावं लागतं. हे मला माहीत होतं. बिल पास करताना कंत्राटदारानं सांगितलं होतं, मी मान डोलावली होती.

खड्ड्याचं झाकण काढलं तर वर चिखलाचा साय धरल्यासारखा थर, पाणी उभं. म्हंजे पाणी खाली जातच नव्हतं. मग भरून वाहिल्यावर जाणार कुठं? ओव्हरफ्लोच्या पाइपनं. आणि तो ओव्हरफ्लो, काँक्रीटच्या खालून, थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला. जुन्या प्लंबरला फोन लावला, त्यानं शांतपणे सांगितलं, "मालक, रोडकडच्या नालीला न्यायचं तर वीस फूट पाइप जास्त लागत होता, तुमीच म्हणलाव ना खर्च कमी करा." म्हणलो असेन. तर बुधवारी रात्री अख्ख्या गच्चीचं पाणी चोक झालेल्या खड्ड्यावरून चेंबरमधे, चेंबरच्या पुढच्या पाइपमधे चिंध्या आणि सॅनिटरी पॅड अडकलेले, चेंबर काठोकाठ, आणि चार फुटावर आमचा अर्धा रिकामा हौद.

हे सगळं जुळत होतं, पण जुळतंय म्हंजे तसंच झालं असं नाही, शुक्रवारी पण सगळं जुळतच होतं. म्हणून रंग टाकून बघायचं ठरवलं. पहिल्यांदा घरातलं पोटॅशियम परमँगनेट चेंबरमधे टाकलं, जांभळा रंग पाचच मिनिटात मातकट झाला. सांडपाण्यातली घाणच त्याला खाऊन टाकते, हे मला, रंगाच्या धंद्यातल्या माणसाला, आधी सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या डायिंगच्या मास्तरांकडनं सुताला वापरतात त्यातला चमचाभर लाल रंग आणला, हौद रिकामाच होता. चेंबरचं पुढचं तोंड गोणपाटानं दाबलं, होजनं भरलं, रंग टाकला. मी आणि अण्णा हौदाच्या तोंडाशी टॉर्च धरून पालथे पडलो. दहा मिनिटं काही नाही. अर्धा तास झाला, अण्णा म्हणाले चला चहा घेऊ. चाळीसेक मिनिटांनी चिरेच्या डाव्या टोकाला गुलाबी ठिपका दिसला, मग त्याचा थेंब झाला, मग भिंतीवरून सुतासारखी एक गुलाबी रेघ हळूहळू खाली उतरली. अण्णा बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे आपलंच."

दुरुस्ती फार मोठी नव्हती. ओव्हरफ्लो चेंबरपासून तोडून रस्त्याकडच्या पावसाच्या नालीला नेला, तोच वाचवलेला वीस फूट पाइप. चेंबर आतून नव्यानं प्लॅस्टर, पुढची लाइन साफ. खड्ड्यातली वाळू काढून धुऊन परत भरली, आणि पहिला पाऊस बाहेर काढायला गच्चीच्या पाइपला एक टी (फाटा) आणि व्हॉल्व. हौदाची चीर कोरून वॉटरप्रूफिंगच्या मसाल्यानं भरली. हौद आतून निर्जंतुक करायचा तर पुस्तकातली पद्धत म्हंजे पूर्ण भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हंजे ३३ टक्क्याची टीसीएल पावणेदोन-दोन किलो, रात्रभर ठेवून सगळं पाणी सोडून द्यायचं. बारा हजार लिटर सोडायचं म्हटलं असतं तर अक्कांनी मलाच हौदात ढकललं असतं. म्हणून आम्ही दाट द्रावण करून ब्रशनं भिंती, तळ, झाकणाची आतली बाजू घासली, अर्धा तास तसंच ठेवलं आणि दीड-दोनशे लिटरात धुऊन काढलं. गच्चीची टाकी पण तशीच. घासणाऱ्या पोराला रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, झाकण उघडं, आणि दर दहा मिनिटांनी वर.

आता दर पाळीला हौद भरला की हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबानं साठ ग्रॅम टीसीएल बादलीत कालवतो, गाळ खाली बसू देतो आणि वरची निवळी तेवढी हौदात ओततो, अर्धा तास मोटर चालू करायची नाही. पावडरचं पोतं उघडं राहिलं की जोर कमी होतो म्हणून छोट्या पुड्या आणतो. शंका असेल तेव्हा ओटी.

एक गोष्ट मात्र राहिलीय. आमची हौद भरायची मोटर थेट लाइनला जोडलेली आहे, आमची काय, अख्ख्या गल्लीची. नळ नसताना लाइन रिकामी असते, कुठं गळती असेल तर आजूबाजूचं पाणी आत शिरतं, आणि मोटर त्याला आणखी ओढते. या वेळी ते कारण नव्हतं एवढंच. मीटिंगमधे विषय काढला तर सगळे म्हणाले आधी शेजाऱ्यांना काढू द्या. शेजारीही आमच्याबद्दल तेच म्हणत असतील.

जुलाब-उलट्या चार-सहा दिवसात थांबल्या, ओआरएस, पोरांना डॉक्टरांनी चौदा दिवस झिंक दिलं. पण डॉक्टर जाताना म्हणाले कावीळ लक्षात ठेवा, हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही घाण पाण्यातूनच, आणि लक्षणं दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही लागू शकतात. दिल्लीत १९५५-५६ ला यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली होती, क्लोरीन वाढवला होता, टायफॉइड वाढला नाही पण कावीळ पसरलीच. इतक्या लांबचं कशाला, २०१२ ला इचलकरंजीत कावीळ कशी पसरली ते तिथल्या लोकांना विचारा. आमच्याकडं पहिल्या मजल्यावरच्या ताईंना सातवा महिना होता, आणि ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला सगळ्यात वाईट. त्यांना दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटला माहेरी पाठवलं. मी कॅलेंडरवर आठ आठवडे पेन्सिलनं मोजून खूण केली होती आणि ती तारीख जाईपर्यंत जिन्यात भेटेल त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग आधी बघायचो, लोकांना विचित्र वाटायचं. कोणाला काही झालं नाही. ताईंना मुलगी झाली, अक्कलकोटलाच.

दिवाळीच्या आधी परत एकदा असाच पाऊस झाला. अकरा वाजता अण्णांनी दार वाजवलं, लुंगी गुडघ्यापर्यंत वर, हातात टॉर्च. दोघं जाऊन चेंबरचं झाकण उचललं, पाणी तळाशीच होतं. रस्त्याकडच्या नालीत आमचा ओव्हरफ्लो थोडासाच गळत होता, म्हंजे खड्डा पाणी पीत होता. हौदात टॉर्च मारली तर भिंतीवर त्या गुलाबी रेघेचा फिक्कट डाग अजून दिसतो, रंग पक्का निघाला. पुढची पाळी रविवारी आहे, ओटीची बाटली संपत आलीय, आणायचीय.